योगेश नको, सुरेख घ्या

मोदक नावाचा एक फॉन्ट आहे आणि तो नावाला जागतो. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकार मंडळींनी तो काढला, जगाला फुकट वाटला आणि गणेशोत्सव मंडळांची कायमची सोय केली. त्यातल्या प्रत्येक अक्षराचं पोट इतकं सुटलेलं आहे की आतली पोकळी नुसती फट म्हणून उरते. 'ब' आणि 'व' शेजारी उभे केले, तर रेघ कोणाच्या पोटात आहे हे जवळ जाऊन पाहावं लागतं. वर्गणीची पावती, महाप्रसादाची वेळ, चित्रकला स्पर्धेचं पोस्टर, सगळीकडे हा गडी शोभतो. पण आमच्या सोसायटीच्या फलकावर मी याच फॉन्टमध्ये 'दशक्रिया विधी' वाचला आहे. खाली घाटाचं नाव आणि वेळ. अक्षरं इतकी खाऊनपिऊन सुखी, की गेलेल्या माणसाबद्दल वाईट वाटायच्या आत तेराव्याला काय बेत असेल हा विचार मनात येऊन गेला.

फॉन्टबद्दल मला मतं आहेत, हे मी चारचौघांत सहसा बोलत नाही. पुरणपोळी दुधाशी खावी की तुपाशी, यावर हमरीतुमरीवर येणारा माणूस आपल्याकडे रसिक ठरतो. 'ल'च्या पाकळीवरून आवाज चढवणाऱ्याला मात्र घरचे लोक पाणी आणून देतात. वास्तविक माझं म्हणणं साधं आहे. मजकूर वाचायच्या आधी डोळा अक्षराचा चेहरा बघतो. चेहरा सुतकी असला तर पेढ्यांचा निरोपही आपण धसक्यानं वाचतो, आणि चेहरा खट्याळ असला तर वकिलाची नोटीससुद्धा कुणीतरी गंमत केली असं समजून बाजूला पडते. त्यामुळे कुठल्या कामाला कुठलं अक्षर, याचे काही नियम मी मनाशी ठरवून ठेवले आहेत. जग ते पाळत नाही, हा वेगळा भाग.

'ल'चं आता निघालंच आहे तर सांगून टाकतो. हिंदीच्या वळणाचा दंडवाला ल आणि शेंडीफोड्या श हे दोघे मधली कैक वर्षं आपल्या पाठ्यपुस्तकांत मुक्कामाला होते. अखेर ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनानं निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श सन्मानानं घरी परत आणले. एवढ्या मोठ्या राज्यानं दोन अक्षरांसाठी शासन निर्णय काढावा, याचा मला अजून अभिमान वाटतो. अडचण इतकीच की कॉम्प्युटरनं तो वाचलेला नाही. चांगल्या फॉन्टच्या पोटात आपला ल असतो, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं त्याला मुद्दाम सांगावं लागतं. न सांगितल्यास तो हिंदी धरून चालतो. मुंबईतल्या टॅक्सीत बसल्यावर आपणही तेच करतो, म्हणून मी फॉन्टला फार बोलत नाही.

नवा फॉन्ट दिसला की मी त्याची एकाच वाक्यात परीक्षा घेतो: 'आचाऱ्याला ॲसिडिटी झाली.' वाक्य वैद्यकीय दृष्ट्या शक्य कोटीतलं आहे आणि त्यात मराठीचे सगळे नखरे आहेत. ऱ्य नीट जमला नाही तर आचारी सुटतो आणि कुठल्यातरी थोर आचार्यांना पित्ताचा त्रास सुरू होतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीचे फॉन्ट तिथे एक चौकोनी खोका काढून मोकळे होतात. शेवटी 'ली'मधली पाकळी. या तिन्ही पायऱ्या चढून आलेल्या फॉन्टला मी घरात घेतो. इंग्रजी फॉन्ट निवडणाऱ्यांना हे भोग नाहीत. त्यांची सव्वीस अक्षरं एका रांगेत उभी राहतात, कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही, कुणी कुणाचा पाय ओढत नाही.

परीक्षेशिवाय घरात घुसलेला एकच, तो मंगल. र. कृ. जोशींसारख्या, अक्षरांत आयुष्य घालवलेल्या कवी-सुलेखनकाराच्या हातचा हा फॉन्ट विंडोज २०००बरोबर आला. काचेच्या पडद्यावर वाचता यावा म्हणून तो घडवला होता. कागदावर तो जरा अवघडल्यासारखा दिसतो, हा त्याचा दोष नाही. पण आयता मिळतो म्हणून आपण त्याला कशाकशाला जुंपलं! जप्तीची नोटीस मंगलमध्ये. निलंबनाचा आदेश मंगलमध्ये. पाणीकपात मंगल, थकबाकीदारांची यादी मंगल, अतिक्रमण सात दिवसांत काढून घ्या नाहीतर आम्ही काढू, तेही मंगल. 'सावधान' तेवढं मजकुरात असतं. नंतर विंडोजनं कोकिला, अपराजिता आणि उत्साह असे आणखी तीन मराठीला चालणारे फॉन्ट दिले. नावं वाचून वाटतं, महिला मंडळाची कार्यकारिणी जाहीर झाली. त्यातल्या अपराजिताची अक्षरं इतकी किरकोळ अंगाची, की बारा पॉइंटात टाइप करा, दिसायला आठ पॉइंटच. ज्यांना आपला अर्ज साहेबांनी नीट वाचू नये असं वाटतं, त्यांनी अवश्य वापरावी.

फॉन्ट साक्षही देतो. २०१७ साली पाकिस्तानात नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाची चौकशी चालू असताना २००६ सालचा म्हणून दाखवलेला एक दस्तऐवज पथकापुढे आला. तो कॅलिब्री फॉन्टमध्ये होता, आणि हा फॉन्ट सर्वसामान्यांच्या हाती पडला २००७च्या सुरुवातीला. पथकानं नेमकं त्यावर बोट ठेवलं. आपल्याकडे जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. तेव्हा पणजोबांचं खरेदीखत म्हणून कुणी मंगलमधला कागद पुढे केलाच, तर मोजणीला माणूस बोलावण्याचा खर्च करू नये.

माझी सर्वांत लाडकी अक्षरं मात्र कॉम्प्युटरमधली नाहीत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि तिथे ओतलेल्या खिळ्यांनी पुढे कित्येक पिढ्या पोथ्या, पंचांगं आणि संस्कृत ग्रंथ छापले गेले. पिवळ्या पडलेल्या कागदावर ते अक्षर बघावं. जाड, काळं, ऐसपैस मांडी घालून बसलेलं, कुठेही घाई नाही. देवनागरीच्या जुळणीला तेव्हा खिळे शेकड्यांनी लागत. जुळारी दिवसभर खणांतून काना, मात्रा, वेलांट्या वेचत बसायचा, आणि टिळकांसारख्या माणसालाही राजकारणातून वेळ काढून हे खिळे कमी कसे करता येतील याचा विचार करावासा वाटला. एवढ्या कष्टानं जुळवलेल्या मजकुरात वायफळ शब्द कमी असतात, असा माझा ग्रह आहे. पंढरपूर-आळंदीच्या पोथ्यांच्या दुकानांत अजून 'मोठ्या टाइपाची द्या' असं सांगून हरिपाठ घेतात. कोण्या संपादकाची आवृत्ती, पाठभेद काय, हे कुणी विचारत नाही. चष्मा न लावता वाचता आला पाहिजे, बाकी माउली बघून घेतील. फॉन्ट निवडण्याची याहून शहाणी रीत मला ठाऊक नाही.

कादंबरीला बारा पॉइंट पांढरा, म्हणजे ठळक नसलेला टाइप, कवितेला भरपूर रिकामा कागद, औषधाच्या बाटलीला निदान दिसेल एवढं अक्षर. इथपर्यंत माझं कुणाशी भांडण नाही. भांडण सुरू होतं ते लग्नपत्रिकेशी.

पुतणीच्या लग्नाची पत्रिका ठरवायला आम्ही दोन्हीकडची माणसं अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात गेलो होतो. जिन्याखालचं दुकान. आत डीटीपीवाला, त्याचा कॉम्प्युटर आणि एक पंखा. आम्ही सातजण. त्यात वरपक्षाकडून नवरदेवाचे आईवडील आणि थोरले बंधू योगेशराव. हे सरळमार्गी, नोकरीत कायम, आणि धाकट्याचं आधी जमल्यामुळे त्या दिवशी जरा जास्तच मोकळं हसत होते. डीटीपीवाल्यानं मजकूर घेतला, मान वर न करता कीबोर्ड बडवला आणि म्हणाला,

"काका, योगेश नको. सुरेख घ्या."

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"योगेशला उठाव नाही," तो पुढे म्हणाला. "मी सगळ्यांना सांगतो. ऑफिसच्या कामाला ठीक आहे, तिथे चालून जातो. लग्नाला नाही हो चालत योगेश."

योगेश आणि सुरेख हे सरकारी कचेऱ्यांमधले जुने मुरलेले फॉन्ट आहेत, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक बोलत होता आणि दुसऱ्याला म्हणजे मला ठसका लागला होता. विहीणबाईंचा चेहरा बघून वहिनींनी घाईघाईनं "सुरेख म्हणजे कोण?" असं विचारलं, त्यानं गोष्टी आणखी बिघडल्या. शेवटी दादा मध्ये पडला. "आपण श्रीलिपीतलाच एखादा बघू," तो म्हणाला. श्रीलिपीतले फॉन्ट नंबरानं ओळखले जातात. सातशे अमुक जरा जाड आहे, आठशे तमुक वळणदार आहे, असं कितीही बोला, कुणाचं मन दुखत नाही. पुण्याच्या ज्या कंपनीनं ही पद्धत पाडली, तिला लग्नघरांचा पुरेपूर अनुभव असणार.

नाव मिटलं, मग पॉइंट. पत्रिकेचा मजकूर शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही, त्यावर वाद घालायला जागाच नसते. सगळा वाद आकारावर. 'श्री गजानन प्रसन्न' मधोमध, चौदा पॉइंट, देवाची तक्रार नाही. वधूवरांची नावं छत्तीसात, अशा वेलबुट्टीदार अक्षरांत की 'ऋ'च्या शेपटीला मुंडावळ्या बांधाव्यात. खरी लढाई त्याखालच्या निमंत्रकांत. आजोबांचं नाव ठळक, बरोबर. मग थोरले काका ठळक हवेत की नकोत? ते ठळक तर नाशिकचे का नाहीत? नाशिकच्या काकांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि निवृत्तीचा हुद्दा मिळून एका ओळीत मावेना, म्हणून डीटीपीवाल्यानं गुपचूप अर्धा पॉइंट उतरवला. स्केल न लावता हे वहिनींच्या नजरेनं टिपलं. "उद्या ते आलेच नाहीत तर?" अर्ध्या पॉइंटावरून न येणारा माणूस आमच्या घराण्यात निश्चित आहे, नव्हे, असे तीन आहेत. तोडगा असा निघाला की आजोबा वगळता सगळेच साडेदहात. बाकी ठळक अक्षरात फक्त कार्यालयाचा पत्ता, कारण त्याला नातेवाईक नव्हते.

तळाशी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' हे बोबड्या अक्षरांत, खडूनं लिहिल्यासारखं. ते निमंत्रण देणाऱ्या चिमुकल्यांपैकी एक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला मिशी आहे. 'कृपया आहेर आणू नये' हे वाक्य कोणत्या आकारात घ्यायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते आपोआप सात पॉइंटात आलं.

दुसऱ्या दिवशी मुद्रित ईमेलनं आलं. उघडलं तर वधू नाही, वर नाही, गजाननही नाही. डोक्यावर टोप्या, कपाळाला टिंबं आणि गळ्याखाली शेपट्या असलेली कुठलीतरी युरोपियन अक्षरं ओळीनं उभी. "ही पोर्तुगीजमध्ये का छापली?" वहिनींचा प्रश्न रास्त होता. या जुन्या फॉन्टांची करामतच ती. ते रोमन लिपीच्या घरांत मराठी अक्षरांना भाड्यानं ठेवतात. मालक फॉन्ट हजर असेपर्यंत सगळं मराठी दिसतं, आणि फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की मूळचे रहिवासी दार उघडतात. मराठीचे असे कैक लेख, विशेषांक आणि संस्थांचे अहवाल आज कुठल्या कुठल्या डिस्कवर पोर्तुगीज होऊन पडले आहेत. त्यातले काही तसेच बरे आहेत, पण सगळे नाहीत.

सात पॉइंटावरून आठवलं. खरं बोलायची वेळ आली की अक्षर बारीक होतं, हा छपाईचा सार्वत्रिक कायदा दिसतो. नव्या गृहप्रकल्पाची माहितीपत्रिका उघडा. फ्लॅटची किंमत जितकी जाड, तितका फॉन्ट कृश. दोन खोल्यांची जाहिरात चांगल्या ठसठशीत अक्षरात असते. तीन खोल्यांना अक्षर सडपातळ होतं. टेकडीवरच्या, खाजगी पोहण्याचा तलाव असलेल्या मजल्यावर गेलात की शिरोरेषा केसाएवढी उरते आणि 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द उपासमारीनं शेवटच्या घटका मोजत असतात. महारेराचा नोंदणी क्रमांक, चित्रातली झाडं काल्पनिक असल्याचा खुलासा आणि 'अटी लागू' हे तिघं तळाच्या कोपऱ्यात असतात, आणि ते बघायला नातवाला हाक मारावी लागते.

बारीक नको म्हणून माणूस जाडाकडे वळावा, तर तिथे इतिहास उभा. कुठल्याशा अलिखित नियमानुसार ऐतिहासिक मराठी चित्रपटाचं नाव दगडात कोरलेलं, मध्ये तडा गेलेलं आणि सोन्याचं पाणी दिलेलं असावं लागतं. वेलांटीची तलवार होते, रफाराचा भगवा, आणि अनुस्वार हा हमखास तोफेचा गोळा. ही चढाई तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण आता तेच दगडी अक्षर मिसळीच्या दुकानावर आलं आहे, तिथे शिरोरेषेला मिशा फुटल्या आहेत, आणि परवा एका दंतवैद्याच्या पाटीवर मी तडा गेलेला 'दा' पाहिला. रुग्णाला आत जाण्यापूर्वी इतकी स्पष्ट कल्पना देणं मला तरी कठोर वाटलं.

कमल शेडगे वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं रेखाटायचे तेव्हा एका नाटकाचं अक्षर दुसऱ्याला लागू होत नसे. नुसत्या नावाच्या वळणावरून कळायचं की आज हसायचं आहे की रुमाल न्यायचा आहे. २०२० साली ते गेले. त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट करून सरसकट वापरा, असं म्हणणाऱ्याला त्यांची नाटकांची अक्षरं कळलेलीच नाहीत.

पाट्यांच्या आकाराचा तर आता कायदाच आहे. दुकानाच्या पाटीवरचं मराठी अक्षर इतर कुठल्याही लिपीपेक्षा लहान असता कामा नये. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं त्यांना दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या बदलायला सांगितल्या. पाट्या बदलल्या. कायद्यात आकार होता, रंगाचं काही नव्हतं, त्यामुळे काही ठिकाणी इंग्रजी नाव दिव्यांनी उजळलेलं आणि त्याच मापाचं मराठी नाव राखाडी भिंतीवर राखाडी. उंची मोजायला आलेल्या माणसाला ते हातानं चाचपून शोधावं लागत असेल. त्यातही इंग्रजी नावाचं मराठी करताना निवडलेला फॉन्ट असा, की प्रत्येक अक्षराला वाटावं आपण इथे बदलीवर आलो आहोत.

म्हणून आमच्या सोसायटीला फाटकावर पाटी हवी होती तेव्हा मी फ्लेक्सला विरोध केला आणि हातानं रंगवणारा पेंटर शोधून आणला. या लोकांकडे फॉन्ट नसतो, हात असतो. खडूची दोरी ताणून दोन रेघा आखायच्या, डावीकडून सुरुवात करायची आणि जागा संपत आली की शेवटची अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसवायची. 'वाहने लावू' एवढं ऐसपैस आणि 'नयेत' कोपऱ्यात उभं, ही रचना कुठल्याही सॉफ्टवेअरला जमणार नाही. पेंटर साठीचा होता. त्यानं फाटक बघितलं, पत्रा वाजवून बघितला आणि दर सांगितला तो अक्षरावर.

मजकूर समितीनं आधीच मंजूर केला होता: 'अनोळखी व्यक्तींनी सुरक्षारक्षकाच्या परवानगीशिवाय आत प्रवेश करू नये.' पेंटरनं तो बोटांवर मोजला. चेअरमननीही मोजला. दोघांचा आकडा जुळेना.

"'क्ष' एक धरला ना?" चेअरमननी विचारलं.

"क्षला दीड पडतात."

"आणि 'क्ती'?"

"त्याला दोन. काना-वेलांटीचे लावत नाही मी, जुनं गिऱ्हाईक आहे म्हणून."

चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कागद घेतला आणि 'अनोळखी व्यक्तींनी' उडवलं, कारण ओळखीचे तसेही आत येतातच. मग सुरक्षारक्षक गेला, दोन क्ष त्याच्याबरोबर गेले. परवानगी गेली. प्रवेशातला 'प्र' पेंटर दीड धरतो असं कळल्यावर तोही गेला. पुणेरी पाट्यांचा तो प्रसिद्ध तुसडेपणा स्वभावातून आला की दरपत्रकातून, याचा उलगडा मला त्या दुपारी झाला. उरलं ते 'आत येऊ नये.' सहा अक्षरं, एकही जोडाक्षर नाही. चेअरमन खूश. पेंटरनं कागदाकडे आणि मग सहा फुटी पत्र्याकडे बघितलं.

"एवढ्या मोठ्या पत्र्यावर सहाच?" तो म्हणाला. "मग अक्षरं मोठी काढावी लागतील. मोठ्या अक्षराचा दर डबल आहे."